बाईंना विचारा: ‘टेक ऑफ’ म्हणजे काय काय काढायचं?

मागच्या अंकात मी ओझरतं म्हणाले होते की, इंग्रजीत क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असं शेपूट लावून जे फ्रेझल व्हर्ब तयार होतं, त्यांतलं एखादं घेऊन सगळा स्तंभ त्यावरच लिहीन. कोणतं घ्यायचं ते वाचकांनीच ठरवलं. बहुतेक पत्रं ‘टेक ऑफ’वर आली. मला वाटतं, याचं श्रेय आपल्या वडोदऱ्यातल्या विमानांच्या कारखान्याला द्यायला हवं.

प्रश्न: बाई, आपल्याकडे विमानं बांधायचा कारखाना आल्यापासून इंग्रजी पेपरात ‘टेक ऑफ’ फार दिसायला लागलंय. विमान उडालं की टेक ऑफ, एवढं कळतं. पण त्याच पेपरात एका नटाची कारकीर्द टेक ऑफ होते, कोणाला तरी समितीवरून टेक ऑफ करतात, आणि आतल्या पानावर एक चोर पोलिसांना बघून टेक ऑफ करतो! याचे सगळे अर्थ एकदा क्रमांक घालून छापा, म्हणजे कात्रण कापून ठेवतो.
— निवृत्त बँक कर्मचारी, दांडिया बाजार

उत्तर: काका, क्रमांक घालून नाही छापणार. अशी कात्रणं ड्रॉवरमध्ये वीजबिलांखाली जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला मिळतात, हे माझ्याच घरात पाहिलेलं आहे. त्यापेक्षा एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: या टेक ऑफला कर्म आहे का? म्हणजे कोणीतरी *काहीतरी* टेक ऑफ करतंय, की नुसतंच टेक ऑफ होतंय?

नुसतंच होत असेल, तर तीनच गोष्टी संभवतात. विमान (किंवा पक्षी) जमीन सोडतं. एखादा धंदा, कारकीर्द, फॅशन एकदम जोरात चालायला लागते. किंवा माणूस काही न सांगता सटकतो. तुमचं विमान, तुमचा नट आणि तुमचा चोर तिघेही इथं बसले. तिघांत समान काय? जिथं होते तिथून पाय सुटला.

पाय मी उगाच म्हटलं नाही. विमानं यायच्या कितीतरी आधीपासून हा शब्द उडी मारणाऱ्यांचा आणि कुंपणावरून घोडे उडवणाऱ्यांचा होता. पाय जमिनीवरून सुटतो तो क्षण, ती जागा, म्हणजे टेक-ऑफ. लांब उडीच्या मैदानावर जी पांढरी फळी असते, तिला आजही टेक-ऑफ बोर्डच म्हणतात. विमानवाल्यांनी तो तिथून उचलला आणि विमानवाल्यांकडून बाकीच्यांनी. अर्थशास्त्र शिकलेल्यांना वॉल्ट रोस्टो आठवत असेल. त्याने 1960 सालच्या पुस्तकात देशाच्या आर्थिक वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांतली तिसरी ‘टेक-ऑफ’. आता वडोदऱ्याच्या त्या कारखान्याचं उद्घाटन 28 ऑक्टोबर 2024 ला झालं, हवाई दलासाठी घ्यायच्या 56 सी-295 विमानांपैकी 40 इथं बांधायची आहेत, तेव्हा मथळे लिहिणाऱ्याला ‘टेक ऑफ’वर कोटी करायचा मोह आवरेल कसा? विमानाचा अर्थ आणि धंद्याचा अर्थ, दोन्ही एकाच मथळ्यात फुकट मिळतात.

एक सावधगिरी. विमान स्वतः टेक ऑफ करतं, आतले प्रवासीही ‘वी टुक ऑफ अॅट सिक्स’ म्हणू शकतात. पण ‘द पायलट टुक ऑफ द प्लेन’ असं लिहू नका. कर्म आलं की अर्थ बदलतो आणि मग पायलटने विमान शर्टासारखं अंगातून काढलं असं चित्र उभं राहतं.

आता कर्म असेल तर? इथं तुम्हा-आम्हाला घाबरायचं कारणच नाही, कारण आपल्याकडे ‘काढणे’ आहे. बूट काढतो: टेक ऑफ. सोमवारची रजा काढतो: टेक मंडे ऑफ. यादीतून नाव काढतो, समितीवरून माणूस काढतो: टेक ऑफ. साहेबांचा हुबेहूब आवाज काढतो: तेही टेक ऑफ, त्यावर पुढे एका पत्रात येतंच आहे. इतकंच काय, तुमचा तो चोर, त्याने मराठीत काय केलं असतं? पळ काढला असता!

इंग्रजांनी आपल्याकडून घेतलं नाही आणि आपणही त्यांच्याकडून नाही. दोन्ही भाषांनी एकेक साधं क्रियापद घरकामाला जुंपलं, इतकाच योग. जो माणूस सकाळी म्हशीची धार काढतो, दुपारी झोप काढतो, संध्याकाळी बायकोची समजूत काढतो आणि तापात चार दिवस अंगावर काढतो, त्याने टेक ऑफला सात अर्थ आहेत म्हणून कपाळाला हात लावावा हे काही बरोबर नाही.

प्रश्न: मुलगा-सून इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. गेल्या उन्हाळ्यात तिथं गेले असताना दारात आलेल्या पाहुण्यांना मी म्हटलं, ‘प्लीज रिमूव्ह युवर चप्पल्स.’ पाहुण्यांनी काढल्या, पण नात फिदीफिदी हसली. म्हणाली, आजी, तू एअरपोर्टवरच्या पोलिसासारखी बोलतेस. मग मी ‘टेक ऑफ देम’ म्हटलं, तर आणखीच हसली. माझं चुकलं काय?
— एक आजी, मांजलपूर

उत्तर: पहिल्या वाक्यात व्याकरण चुकलं नाही, पेहराव चुकला. ‘रिमूव्ह’ हा शब्द कोट-टाय घालून येतो. देवळाच्या पाटीवर, तपासणी करणाऱ्याच्या तोंडी, शस्त्रक्रियेच्या कागदावर तो शोभतो. घरात आलेल्या माणसाला आपण ‘कृपया पादत्राणे काढावीत’ म्हणतो का? ‘चपला काढा ना इथंच’ म्हणतो. तसं ‘टेक ऑफ युवर शूज’. नात तुमच्या ‘रिमूव्ह’ला हसली. (‘चप्पल्स’ मात्र तशीच राहू द्या. त्यांच्या शब्दकोशांनीही ती आता घरात घेतली आहे.)

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना ‘काढणे’ म्हटलं की ‘रिमूव्ह’च सुचतं, कारण कधीतरी कोणीतरी वहीत तसा अर्थ लिहून दिलेला असतो. माझ्या वर्गात सहलीवरच्या निबंधात हमखास एक वाक्य यायचं: ‘देन सर रिमूव्हड अवर फोटो.’ सरांनी भिंतीवरून खाली उतरवला की काय? फोटो ‘टेक’ करतात, नुसतं ‘टेक’, ऑफ नाही. तिकीट काढतात तेव्हा ते ‘बाय’ असतं. कर्ज काढलं, विमा काढला, तर ‘टेक आउट’. तेव्हा काकांना वर जो धीर दिला, त्याची ही दुसरी बाजू: टेक ऑफ दिसलं की ‘काढणे’ बहुतेक वेळा चालेल, पण ‘काढणे’ दिसलं की टेक ऑफ चालेलच असं नाही. रस्ता एकमार्गी आहे.

गुजरातीत आणखी गंमत. आपले शेजारी चपला ‘उतारतात’, डाएट करून वजन ‘उतारतात’, वहीतून नक्कल ‘उतारतात’. यांतल्या पहिल्या दोन ठिकाणी इंग्रजीत टेक ऑफ बसतं. वडोदऱ्याच्या मराठी माणसाच्या खिशात काढणे आणि उतारवुं अशा दोन किल्ल्या आहेत. पुण्याच्या माणसापेक्षा आपलं काम सोपं व्हायला हवं.

आता ‘टेक ऑफ देम’. ‘टेक ऑफ युवर शूज’ चालतं, ‘टेक युवर शूज ऑफ’ही चालतं. पण बुटांच्या जागी सर्वनाम आलं, ‘देम’, ‘इट’, ‘हिम’, की त्याला मधेच बसवावं लागतं: ‘टेक देम ऑफ.’ ही एक गोष्ट पाठ करायला हरकत नाही. नावाला दोन जागा, सर्वनामाला एकच.

प्रश्न: मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. इंग्रजीबद्दल आदर आहे, पण या ‘फ्रेझल व्हर्ब’ प्रकारात मला कसलीही शिस्त दिसत नाही. टेक म्हणजे घेणे. त्याला ऑफ लावल्यावर विमान कसं उडतं? आणि ऑफ कधी क्रियापदाजवळ, कधी वाक्याच्या टोकाला. असली अनागोंदी आपल्या देववाणीत खपली नसती. मत कळवावं.
— निवृत्त शिक्षक, वाडी

उत्तर: गुरुजी, आपल्या पत्राची मी वाटच बघत होते. आपणच वर्गात शिकवलेला श्लोक आपल्याला परत ऐकवते:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. आणि उदाहरणासाठी श्लोककर्त्याने निवडलेला धातू कोणता? हृ. म्हणजे नेणे, घेणे. म्हणजे टेक! टेकला ऑफ लावल्यावर विमान कसं उडतं असं आपण विचारता. हृ धातूला ‘आ’ लावल्यावर जेवण कसं होतं आणि ‘प्र’ लावल्यावर मार कसा बसतो, हे आधी सांगावं.

‘ऑफ’चं कूळ बघितलं तर आणखी मौज आहे. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, या जोड्या आपल्याला ठाऊक आहेत: आपला ‘प’ तिकडे ‘फ’ होतो. त्याच न्यायाने आपला ‘अप’ तिकडे ‘ऑफ’ झाला. लॅटिनमधला ‘अॅब’, ग्रीकमधला ‘अपो’ हे त्याचे भाऊबंद. मूळ अर्थ एकच, पासून दूर. म्हणजे ‘अपहरण’ या शब्दाचे दोन तुकडे केले तर अप म्हणजे ऑफ आणि हरण म्हणजे टेक. शब्दशः टेक ऑफ. (विमानाच्या बाबतीत हे दोन्ही शब्द एकत्र न आलेले बरे.) इंग्रजीतला ‘ऑफ’ आणि षष्ठीसाठी वापरतात तो एका एफचा ‘ऑव्ह’ हे मुळात एकच होते. जोर देऊन म्हटला की एक, सैल म्हटला की दुसरा. स्पेलिंगं कायमची वेगळी व्हायला साधारण सतरावं शतक उजाडलं. आणि ‘टेक’ हा तर मूळचा इंग्लंडचाही नव्हे. स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांनी तो आणला आणि घेण्यासाठी असलेला जुना इंग्रजी शब्द हळूहळू मागे पडला.

राहिला मुद्दा ऑफ कुठंही जाऊन बसतो याचा. ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त घ्या. ‘उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम्। नमो भरन्त एमसि॥’ यातला ‘उप’ (जवळ) अगदी सुरुवातीला आणि त्याचं क्रियापद ‘एमसि’ (येतो) अगदी शेवटी. मधे अग्नी, दिवस, रात्र, बुद्धी आणि नमस्कार इतकी मंडळी बसलेली. पाणिनीने नियम घातला की उपसर्ग धातूच्या आधी यावा, आणि लगेच पुढे नोंदवलं की वेदात तो नंतरही येतो, दूरही बसतो. ‘व्यवहिताश्च’. पुढच्या संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीत तो सुटाच राहिला, एवढाच फरक. ‘टेक युवर शूज ऑफ’ला अनागोंदी म्हणायचं, तर ते सूक्त रचणाऱ्या मधुच्छंदा ऋषींनाही नोटीस पाठवावी लागेल.

आपला राग मात्र अगदीच अनाठायी नाही. 1755 साली ज्यांचा इंग्रजी शब्दकोश आला, त्या सॅम्युअल जॉन्सननी प्रस्तावनेत नेमकी हीच तक्रार केली आहे. आमच्या भाषेत क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलतात, परक्यांना सगळ्यांत जास्त अडचण याचीच होते, आणि काही प्रयोग तर असे की कितीही हुशार माणसाला मूळ अर्थापासून ते इथवर कोणत्या वाटेने आले हे सांगता येणार नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलंय. तेव्हा ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावसुद्धा नव्हतं. ते 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात छापून आलं, आणि ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. जॉन्सनपासून तोवरची जवळजवळ पावणेदोनशे वर्षं रोग होता, फक्त नाव नव्हतं.

प्रश्न: मी हौशी रंगभूमीवर छोटी-मोठी कामं करतो. आमच्या गणेशोत्सवातल्या एका प्रहसनाबद्दल एका इंग्रजी दैनिकात दोन ओळी आल्या. त्यात मी केलेल्या पुढाऱ्याच्या भूमिकेला ‘अ क्लेव्हर टेक-ऑफ’ म्हटलंय. आनंद मानू की वाईट वाटून घेऊ?
— नाटकवेडा, रावपुरा

उत्तर: पेढे वाटा. इथं टेक-ऑफ म्हणजे नक्कल, विडंबन, तेही साधलेलं.

हा अर्थ नवा नाही. वर जॉन्सनचा उल्लेख केला, त्यांनी अवघड क्रियापदांची यादी दिली आहे त्यात ‘टेक ऑफ’ आहे, आणि त्यापुढे अर्थ दिलाय फक्त एक: नक्कल करणे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या यादीत विमान असणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्या अर्थाला आपण आज कोपऱ्यातला समजतो, तो तेव्हा दिवाणखान्यात बसला होता.

क्रियापद म्हणून वापरताना ‘ही टेक्स हिज बॉस ऑफ’ असं म्हणतात. तो साहेबाला काढतो असं नव्हे, साहेबाचा आवाज काढतो. हे बोलणं मुख्यतः ब्रिटनमधलं. अमेरिकेत कोणी अशी नक्कल केली तर ‘डू अॅन इम्प्रेशन’ म्हणतील, आणि ‘टेक-ऑफ’ हे नाम विडंबनासाठी ठेवतील. नक्कल कशी असावी यावर इंग्रजीचं काही म्हणणं नाही, माझं आहे. नुसता आवाज जमला तर ती मिमिक्री. त्या माणसाची खोड, त्याची विचार करायची तऱ्हा दिसली तरच टेक-ऑफ. परीक्षणवाल्याने ‘क्लेव्हर’ म्हटलंय, तेव्हा तुम्हाला बहुधा दुसरं जमलं. पुढाऱ्याने बघितलं का, ते कळवा.

आणि नाटकवाल्यांसाठी एक जास्तीचा: कोणाच्या कामाला मनापासून दाद द्यायची तर ‘आय टेक माय हॅट ऑफ टू हिम’. त्यांच्याकडे डोक्यावरचं काढणं हा मान. आपल्याकडे चारचौघांत पगडी उतरणं म्हणजे अब्रू गेली. आपल्या जुन्या दरबारातल्या माणसाला हे वाक्य शब्दशः समजावून सांगितलं असतं तर त्याने तलवारीला हात घातला असता.

प्रश्न: मॅडम, मी कॅनडाला शिकायला जाण्यासाठी आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. क्लासमध्ये पाचशे फ्रेझल व्हर्ब्सची पीडीएफ दिली आहे. रोज वीस पाठ करायची. ‘टेक ऑफ’ एकोणीस क्रमांकावर आहे आणि समोर लिहिलंय ‘टू लीव्ह द ग्राउंड’. ही पाठ केली तर बँड (म्हणजे त्या परीक्षेतले गुण) वाढतो का? आणि लिहिण्याच्या पेपरात वापरायची का?
— विद्यार्थिनी, कारेलीबाग

उत्तर: ती पीडीएफ मोबाइलमध्ये राहू दे, जागा असेल तर. समोर एकच अर्थ लिहिलेली यादी पाठ करणं म्हणजे शेजाऱ्यांची नावं पाठ करून त्यांच्याशी ओळख आहे असं समजणं.

बोलण्याच्या परीक्षेत वरच्या बँडला सहज, वाक्प्रचारयुक्त भाषा लागते, हे परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलेल्या निकषांतच आहे. म्हणून क्लासवाले यादी देतात. पण परीक्षकाने ‘तुझ्या गावाबद्दल सांग’ म्हटल्यावर तू पाठ केलेली सहा फ्रेझल व्हर्ब्स एका श्वासात ओतलीस, तर ती सहज भाषा होत नाही, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा असं बोल: सकाळी कमाटीबागेत फिरायला गेले, बूट काढून गवतावर चालले, ‘आय टुक माय शूज ऑफ’. माझ्या मावशीने घरी खाकरे करून विकायला सुरुवात केली आणि धंदा चालला, ‘इट रिअली टुक ऑफ’. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सुट्टी घेतली, ‘आय टुक द डे ऑफ’. आपल्याच दिवसातलं वाक्य आपल्याला वेळेवर आठवतं. शब्द आणि प्रसंग एकत्र ठेव, रोज वीस नको, दोन ठेव.

लिहिण्याचं उत्तर वेगळं. निबंधात आणि औपचारिक पत्रात हात आखडता घे. इंग्रजीत अशा बहुतेक जागी दोन शब्द असतात, एक घरातला, एक कचेरीतला. टेक ऑफ आणि रिमूव्ह, टेक ऑफ आणि डिपार्ट, टेक ऑफ आणि डिडक्ट, टेक ऑफ आणि इमिटेट. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, विद्येची भाषा लॅटिन होतीच, त्यातून पुढच्या शतकांत हे उंची शब्द आले. शेतकरी, सुतार, आया मात्र जुन्याच छोट्या शब्दांवर काम चालवत राहिल्या. आपल्याला हे नवं आहे का? घरातली रजा आणि कागदावरची अनुमती, निघून गेले आणि प्रस्थान केले. 1931 साली बडोदे सरकारने राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’. नाव उच्चारतानाच कळतं की हा शब्द बैठकीतला आहे, ओट्यावरचा नाही. ओट्यावर उभं राहून कोणी कल्पतरू म्हणत नाही आणि सरकारी खलित्यात कोणी ‘सटकला’ लिहीत नाही.

मात्र आयएल्ट्सच्या ‘जनरल ट्रेनिंग’ नावाच्या प्रकारात मैत्रिणीला पत्र लिहायला सांगितलं, तर तिथं ‘रिमूव्ह’ आणि ‘डिपार्ट’ घालून बसू नकोस. मैत्रीण घाबरेल.

प्रश्न: दुकानावर सेलचा बोर्ड लावायचा आहे. पेंटर म्हणतो ‘50% टेक ऑफ’ लिहू. बरोबर ना?
— कापड व्यापारी, मंगळबाजार

उत्तर: पेंटरला चहा पाजा आणि ‘टेक’ पुसायला सांगा. ‘50% ऑफ’ पुरे. क्रियापद हवं असेल तर ते बोलताना: ‘आय विल टेक हंड्रेड रुपीज ऑफ’, शंभर रुपये कमी करतो. ‘50% टेक ऑफ’ वाचून गिऱ्हाइकाला वाटेल की अर्धा माल पळून गेला.

प्रश्न: टीचर, मी आठवीत आहे. आमच्या घरी आई म्हणते गॅस ऑफ कर, बाबा म्हणतात मूड ऑफ आहे, दादा म्हणतो आज कॉलेज ऑफ आहे. मग ‘टेक ऑफ द गॅस’ बरोबर की चूक? आणि भूतकाळ ‘टेकऑफड’ होतो का?
— आठवीतली मुलगी, गोत्री

उत्तर: छान ऐकतेस घरातलं! आपण ‘ऑफ’ भिंतीवरच्या बटणावर पहिल्यांदा वाचला, म्हणून आपल्याला तो ‘बंद’ वाटतो. तो अर्थ खरा आहे, पण तो ‘टर्न ऑफ’ आणि ‘स्विच ऑफ’ यांच्याकडे. गॅस, दिवा, पंखा, टीव्ही यांना टेक ऑफ कधीच नाही. ‘टेक द पॅन ऑफ द गॅस’ म्हटलंस तर चालेल, पण तेव्हा गॅसवरून कढई उतरेल, गॅस चालूच राहील. म्हणून आईने ओरडलं तर माझं नाव सांगू नकोस.

भूतकाळ बदलतो तो क्रियापदाचा, शेपटीचा नाही: टेक ऑफ, टुक ऑफ, टेकन ऑफ. नाम असेल तर मधे छोटी आडवी रेघ दे, टेक-ऑफ. हल्ली काही जण सलगही लिहितात. तुझ्या शाळेच्या पुस्तकात जसं असेल तसं ठेव, मार्क तिथले आहेत.

प्रश्न: नातू अहमदाबादहून रात्रीच्या विमानाने टोरांटोला निघाला. आम्ही घरी बसून मोबाइलवर बघत होतो. त्यात विमान ‘डिपार्टेड’ दाखवलं आणि त्यानंतर नातवाचाच फोन आला की अजून जमिनीवरच आहोत! आमचे हे म्हणाले, वेबसाइट खोटी. मी म्हटलं, बाईंना विचारू. डिपार्ट आणि टेक ऑफ यात फरक आहे का?
— एक आजी, आर. व्ही. देसाई रोड

उत्तर: आहे, आणि वेबसाइट खरं बोलत होती. आत्ताच मी कारेलीबागच्या मुलीला सांगितलं की डिपार्ट हा टेक ऑफचा कचेरीतला भाऊ. विमानतळावर मात्र ते दोन वेगळे क्षण आहेत. विमान जागेवरून हललं, मागे ढकलून बाहेर काढलं, की ‘डिपार्टेड’. वेळेवर सुटलं की उशिरा, याचा हिशेबही तिथंच धरतात. मग ते संथपणे धावपट्टीकडे जातं, पुढं आणखी विमानं असतील तर रांगेत थांबतं, आणि चाकं जमिनीवरून सुटतात तेव्हा टेक-ऑफ. मधे दहा मिनिटं जातात, गर्दीच्या विमानतळावर अर्धा तासही जाऊ शकतो. तेवढ्यात नातवाने फोन केला असणार. खरं तर दार बंद झाल्यावर त्याने तो एअरप्लेन मोडवर टाकायला हवा होता, पण ते तुमचं तुम्ही बघा.

पुढच्या वेळी ‘डिपार्टेड’ दिसलं की आजोबांना म्हणा, गाडी फलाटावरून हलली. आणि विमानं नकाशावर दाखवणारं अॅप असेल तर त्यात उंचीचा आकडा असतो. तो शून्यावरून वर चढायला लागला की मग म्हणा, उडालं, आता झोपा.